नळ्या, वायरी आणि कल्याण ब्रदर

कल्याण आवारी नर्स झाला तेव्हा राजूरजवळच्या त्याच्या गावात त्या शब्दाला पुल्लिंग नव्हतं. नर्स म्हणजे उपकेंद्रात लशी टोचणारी बाई, एवढंच गावाला ठाऊक. त्याचे वडील कानिफनाथ भाताची खाचरं करणारे, मोजकं बोलणारे. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं की "दवाखान्यात असतोय" एवढं सांगून ते विषय पावसापाण्यावर न्यायचे. ऐकणारा कंपाउंडर समजायचा, आणि ती समजूत मोडायची कानिफनाथांना काही घाई नसायची.

कल्याणला सेवेबिवेची ओढ होती असं नाही. नर्सिंगला मुलं कमी जातात आणि नोकरी लवकर लागते, असं मामेभावानं सांगितलं म्हणून त्यानं नाशिकला कोर्स केला. त्याआधी सुट्ट्यांमध्ये तो राजूरच्या एका मंडपवाल्याकडे काम करायचा. लग्नाच्या मांडवात लायटिंगच्या आणि स्पीकरच्या वायरी टाकणं हे त्याचं काम. मंडपवाला त्याला म्हणायचा, "वायर एक तर डोक्याच्या वर पाहिजे, न्हाई तर जमिनीच्या खाली. मधी सोडली की वरमाय आडखळून पडती, आन् मग तुझ्या लायटिंगचं कौतुक कोन करीत न्हाई."

श्रीरामपूरच्या एका खाजगी हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात तो लागला, तेव्हा पहिल्याच दिवशी त्याला हे बोलणं आठवलं. इमारत जुनी, मूळची कुणाची तरी राहती जागा. खाटा दाटीवाटीनं लावलेल्या. प्रत्येक खाटेच्या उशाशी, डाव्या हाताला भिंतीत प्लगची जागा आणि ऑक्सिजनची लाईन. त्यामुळे जी काही यंत्रं यायची ती सगळी डावीकडे गोळा व्हायची. श्वास देणारा व्हेंटिलेटर तिथंच, नाडी आणि ऑक्सिजन दाखवणारा मॉनिटर तिथंच एका स्टुलावर. थेंबाथेंबानं औषध सोडणारे सिरिंज पंप सलाईनच्या एकाच स्टँडला एकावर एक बांधलेले. घशातला कफ ओढायचं सक्शन खाली, आणि जमिनीवर एक्स्टेंशन बोर्ड, त्याच्या भोवती वायरींचं भेंडोळं. उजवी बाजू मोकळी. तिथं नातेवाइकांच्या पिशव्या.

विभागाच्या प्रमुख एस्तेर सिस्टर. निम्मं आयुष्य त्यांनी असल्याच खाटांभोवती घालवलेलं. कल्याणनं त्यांना विचारलं, "सिस्टर, हे असंच असतं का?"

"असंच असतं," त्या म्हणाल्या. "आधी पेशंट बघ. वायरी मग."

त्यांचं खरं होतं. पेशंट येतो तेव्हा त्याच्या जिवावर बेतलेलं असतं. जे यंत्र आधी लागेल ते आधी जोडायचं, जिथं जागा असेल तिथं ठेवायचं. मग ते तिथंच राहतं. पण कल्याणनं आपल्यापुरती एक सवय लावून घेतली. ड्यूटीवर आला की प्रत्येक खाटेपाशी उभं राहून तो एकेक नळी पेशंटपासून यंत्रापर्यंत हातानं चाचपत जायचा. कुठं पीळ पडला असेल तर काढायचा, कुठं अंगाखाली अडकली असेल तर सोडवायचा, आणि कुठली नळी कुठल्या औषधाची ते चिकटपट्टीवर लिहून लावायचा. बाकीच्या नर्स मुली हसायच्या. "मंडपवाले आले," म्हणायच्या. तोही हसायचा, पण चाचपणं सोडायचा नाही.

अशी काही वर्षं गेली. मग एका श्रावणात रतनबाई पटारे आल्या.

रतनबाई उसाच्या पट्ट्यातल्या, शेतातच वस्ती करून राहणाऱ्या. घरात कॉट होती, पण गरम होतं म्हणून त्या खाली गोधडीवर झोपायच्या. पहाटे त्यांच्या पोटात कळ आली. मुलगा सुनील म्हणाला, पित्त झालं असेल. उजाडेपर्यंत त्यांच्या पापण्या जड झाल्या, बोलणं नाकातून यायला लागलं, चहाचा घोट गिळेना. तेव्हा सुनीलनं गोधडी झटकली, आणि भिंतीच्या कडेला काळा, अंगावर पांढरे पट्टे असलेला साप निघाला. मण्यार. तिचा दंश कळत नाही, सूज येत नाही, नुसतं अंग हळूहळू लुळं पडत जातं. ग्रामीण रुग्णालयात विषावरची लस दिली आणि तसंच पुढं श्रीरामपूरला पाठवलं. इथं आल्या तेव्हा त्यांची छाती जेमतेम हलत होती.

डॉ. अंबिका धर्माधिकारी यांनी त्यांच्या घशात नळी घातली आणि व्हेंटिलेटर जोडला. मग सगळ्यांना जवळ बोलावून त्या म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा. यांचे हात, पाय, पापण्या, काहीच हलणार नाही. दगडासारख्या दिसतील. पण विष मेंदूला लागलेलं नाही. झोपेचं औषध चालू आहे, तरी मधूनमधून त्यांना सगळं ऐकू येणार. खाटेपाशी वाटेल ते बोलायचं नाही."

सगळ्यांनी ते पाळलं. कोणी "वाचेल का" म्हणालं नाही. साफसफाईच्या बायकासुद्धा त्या खाटेजवळ हळू बोलायच्या. कल्याण ड्यूटीवर आला की म्हणायचा, "मावशी, मी कल्याण. तब्येत चांगली आहे तुमची." आणि नेहमीसारखा नळ्या चाचपायला लागायचा.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला सुनील आत आला. हातात कागदाच्या पुडीत अंगारा. आईच्या कपाळाला लावायचा म्हणून तो डावीकडून, यंत्रांच्या गर्दीतून पुढं वाकला. मागं येताना त्याचा पाय एक्स्टेंशनच्या वायरीत अडकला. तोल सावरायला त्यानं हाताला येईल ते धरलं, तो नेमका सलाईनचा स्टँड. वरती बांधलेल्या पंपांच्या वजनानं स्टँड कलंडला. सुनीलनं तो जमिनीवर पडू दिला नाही, पण कलंडताना त्यानं व्हेंटिलेटरची जाड नळी सोबत ओढली, आणि रतनबाईंच्या घशातली नळी बाहेर सरकली.

व्हेंटिलेटर ओरडायला लागला. कल्याण शेजारच्या खाटेवर होता. तो आला, सरकलेली नळी पूर्ण बाहेर काढली, हातानं दाबून श्वास द्यायची रबरी पिशवी उचलली, रतनबाईंच्या तोंडावर मुखवटा धरला आणि दाबायला लागला. एस्तेर सिस्टरांनी सुनीलला दंडाला धरून बाहेर नेलं. मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा उतरत होता. कल्याण आकड्याकडे बघत नव्हता, छातीकडे बघत होता. छाती वर येत होती, म्हणजे हवा आत जात होती. डॉ. अंबिका धावत आल्या आणि त्यांनी नवीन नळी घातली. आकडा पुन्हा चढायला लागला, तेव्हा कल्याण सुनीलला बघायला गेला.

बाहेर सुनील भिंतीला टेकून बसला होता. अंगारा त्याच्या सगळ्या शर्टावर सांडला होता.

"माझ्यामुळं झालं," तो म्हणाला.

"आई ठीक आहे," कल्याण म्हणाला. "आणि तुमच्यामुळं नाही. आज तुमचा पाय अडकला. उद्या माझा अडकला असता."

त्याच दुपारी डॉ. अंबिकांनी कल्याणला, एस्तेर सिस्टरांना आणि छगनला त्या खाटेपाशी बोलावलं. छगन हॉस्पिटलची दुरुस्तीची कामं बघायचा. आधी साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये होता. मॅडम म्हणाल्या, "पुन्हा असं होता कामा नये. काय करता येईल ते आजच करू."

चौघांनी खाटेला एक फेरी मारायचा प्रयत्न केला, आणि फेरी मारताच येत नाही हे तिथंच कळलं. कल्याण म्हणाला, जमिनीवर एकही वायर नको. बोर्ड उचलून खाटेच्या उशाच्या दांडीला बांधू. सिस्टर म्हणाल्या, ते ठीक, पण सक्शन माझ्या उजव्या हाताला पाहिजे, कफ काढताना मी यंत्राकडे वळून बघू शकत नाही. मॅडमना उशाची बाजू मोकळी हवी होती, वेळ आली तर नळी घालायला डोक्यामागं उभं राहता यावं म्हणून. छगन म्हणाला, भिंतीला भोक पाडायचं तर धूळ होणार, पेशंट आत असताना ते नको. त्यानं गोदामातून जड बुडाचा लोखंडी खांब आणला, तो खाटेच्या उजव्या बाजूला उभा केला आणि सगळे पंप आणि मॉनिटर त्यावर न्यायचं ठरलं. व्हेंटिलेटर डावीकडेच राहणार, पण त्याची जाड नळी आता अधांतरी लोंबणार नव्हती. तिला खाली-वर होणाऱ्या एका लोखंडी हाताचा आधार द्यायचा, म्हणजे ओढ घशातल्या नळीवर न येता त्या हातावर येईल.

पंप खांबाला धरून ठेवायला पहिल्यांदा लावलेला चाप घसरला आणि एक पंप खांबावरून सरकत निम्म्यावर आला. छगननं सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून चापाच्या आत बसवले. मग तो हलला नाही. कल्याणनं वायरी आणि नळ्या वेगळ्या केल्या. वायरी वरून, नळ्या खालून, दोन्हींची गाठ कुठंच पडू द्यायची नाही. प्रत्येक नळीला हातभर सैल ठेवलं, पेशंटला कुशीवर वळवताना ओढ बसू नये म्हणून. काम संपेपर्यंत संध्याकाळ झाली. शेवटी चौघं पुन्हा खाटेभोवती फिरले. या वेळी कुणाचा पाय कशात अडकला नाही. कल्याणला फार बरं वाटलं. वर्षानुवर्षं मनात होतं ते समोर उभं राहिलं होतं.

पण काम संपायच्या आतच रतनबाईंची नाडी धावायला लागली होती. रक्तदाब चढला. मिटलेल्या पापण्यांच्या कोपऱ्यातून पाणी यायला लागलं, ते कानापर्यंत ओघळलं. मॅडमनी नळी तपासली, छातीला स्टेथोस्कोप लावला, पंपांची औषधं पाहिली. सगळं जिथल्या तिथं. विषाचाही असा परिणाम होतो, त्या म्हणाल्या, आणि झोपेचं औषध थोडं वाढवलं. कल्याणनं कापसानं त्यांचे डोळे पुसले.

"मावशी, काही होत नाही. सगळं व्यवस्थित आहे," तो म्हणाला. डोळ्यांतून पाणी येतच राहिलं.

पुढच्या आठवड्यात विष उतरलं. आधी पापणी थरथरली, मग बोटं. मग मॅडमनी सांगितलं की हात दाबा, आणि त्यांनी दाबला. घशातली नळी निघाली तेव्हा सुनील दाराशी उभा राहून रडत होता आणि हसतही होता. आवाज यायला आणखी एक दिवस गेला. तो आला तेव्हा कल्याण त्यांना चमच्यानं पाणी पाजत होता.

"दादा," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "तुमी मला कुटं हलावलं हुतं?"

"कुठंच नाही मावशी. आल्यापासून याच खाटेवर आहात."

"न्हाई. हलावलं हुतं." त्यांनी दम घेतला. "मला समदं ऐकू येत हुतं. डोळं उघडत न्हवतं, आंग माझं न्हवतंच. निसता अंधार. पर हिकडं, डाव्या कानाशी टुक टुक वाजायचं. म्हनलं हे माझं हाय. माझ्या जिवाचं. ते वाजतंय तवर मी हाय. त्येला धरून पडून ऱ्हायले."

कल्याणनं त्यांना आणखी एक चमचा पाणी पाजलं.

"मंग येक दिस लोकं आली. खडाखडा काय वाजलं. कोन म्हनतंय हिकडं घ्या, कोन म्हनतंय तिकडं. आन् डाव्या कानाचं टुक टुक बंद झालं. थोड्या येळानं वाजाया लागलं, पर उजवीकडून. लांबून. मला वाटलं, माझं बंद पडलं. हे शेजारच्याचं हाय. मी मेले आन् शेजारच्याचं ऐकतीय."

खाट नव्यानं लावली तो दिवस कल्याणच्या आठवणीत आतापर्यंत नोकरीतला सगळ्यात चांगला दिवस होता. काम चालू असताना आपण वायरी मोजत होतो, छगनशी बोलत होतो, सिस्टरांना विचारत होतो. ज्या बाईच्या उशाशी हे चाललं होतं तिला "मॉनिटर पलीकडे नेतोय" हे एक वाक्य कुणी सांगितलं नव्हतं. आणि डोळे पुसताना म्हणालो काय, तर सगळं व्यवस्थित आहे.

"मावशी, तेव्हा सांगितलं असतं तर?" त्यानं विचारलं.

"सांगितलं आसतं तर मंग काय," रतनबाई म्हणाल्या. "मशीनच हाय. ठिवा कुटंबी."

त्यानं ते मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ऐकू येतं हे मीच सगळ्यांना बजावलं होतं. आणि मॉनिटर इकडं घ्या, तिकडं घ्या, हेही तिथं उभं राहून मीच म्हणत होते." वाईट बोलायचं नाही हे आपण सांभाळलं, सांगायचं काय ते मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही, असं एस्तेर सिस्टर म्हणाल्या. त्यांनाही ते लागलं होतं. त्या दिवशी त्यांनी दोन्ही पाळ्यांच्या मुलींना रतनबाईंच्या खाटेपाशी आणलं आणि रतनबाईंकडूनच सगळं पुन्हा वदवून घेतलं. रतनबाईंना एवढ्या मुली समोर बसलेल्या बघून हुरूप आला आणि त्यांनी पहिल्यापेक्षा बरंच सविस्तर सांगितलं. कोण चप्पल घासत चालतं, कोण फोनवर सासूची तक्रार करतं, तेही सांगितलं. एक मुलगी उठून बाहेर गेली.

बाकीच्या खाटाही त्या महिन्यात एकेक करून नव्या पद्धतीनं लागल्या. मॉनिटर उजवीकडे, श्वासाची नळी आधारावर, जमीन मोकळी. पण आता हात लावायच्या आधी कल्याण पेशंटच्या कानाशी वाकून सांगायचा, "आबा, तुमचं टुक टुक वाजणारं मशीन आता उजव्या कानाकडे नेतोय. थोडा वेळ आवाज बंद होईल. मग पुन्हा चालू होईल. ते तुमचंच आहे." शुद्धीत असलेल्याला सांगायचा, बेशुद्ध असलेल्यालाही सांगायचा. उत्तर न देणाऱ्या माणसाशी बोलायला नव्या मुलींना अवघड वाटायचं. शब्द फुटायचा नाही, किंवा पुटपुटून मोकळ्या व्हायच्या. कल्याण म्हणायचा, मोठ्यानं, नाव घेऊन. एकदा शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या भावानं एस्तेर सिस्टरांना बाजूला घेऊन विचारलं, "हे ब्रदर कानात मंत्र टाकतात का? टाकत असतील तर आमच्याबी पेशंटला टाकायला सांगा."

रतनबाई तपासणीला आल्या तेव्हा स्वतःच्या पायांनी जिना चढून आल्या. सुनीलच्या हातात ओल्या शेंगांची पिशवी. त्यांना ती खाट बघायची होती. भेटीची वेळ नव्हती, पण सिस्टरांनी दारापर्यंत येऊ दिलं. आत त्या खाटेवर दुसरं कुणी होतं. रतनबाई बराच वेळ बघत राहिल्या.

"येवढीशी जागा व्हय?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, लई मोठी खोली आसंल. वाड्यावानी."

"का हो मावशी?"

"आवाज लई लांबून लांबून यायचे." मग त्या हसल्या. "आता घरी कॉटवर झोपते बरं का. सुनील खाली झोपू देत न्हाई."

एस्तेर सिस्टर निवृत्त झाल्या आणि विभाग कल्याणकडे आला. त्याचं लग्न झालं, बायको निकिता श्रीरामपुरातच शाळेत शिकवते. संगमनेरच्या एका हॉस्पिटलनं नवा अतिदक्षता विभाग उभारताना त्याला आणि छगनला खाटा कशा लावायच्या ते बघायला बोलावलं. तिथं भिंती नव्यानं बांधायच्या होत्या, त्यामुळे प्लग दोन्ही बाजूंना काढून घेता आले. दोघं दिवसभर खडूनं जमिनीवर खाटा आखत होते.

गेल्या हिवाळ्यात मेंदूत रक्तस्राव झालेले एक आजोबा आले. निवृत्त शिक्षक, सुमंत नावाचे. पहिल्याच तपासणीनंतर मॅडमनी घरच्यांना स्पष्ट सांगितलं होतं की यातून ते उठणार नाहीत, त्यांना काही कळतही नसावं. कल्याण तरी त्यांना सांगतच राहिला. कुशीवर वळवतो, सर. सक्शन करतो, ठसका लागेल. त्यांचा मुलगा धवल पुण्याहून आला होता. तो हे सगळं बघायचा.

एका सकाळी सुमंत सर गेले. कागदपत्रं झाली, मॅडम घरच्यांशी बोलून आल्या. कल्याणनं पडदा ओढून घेतला. धवलनं आत थांबू का असं विचारलं, तेव्हा कल्याण थांबा म्हणाला. मग त्यानं एकेक यंत्र बंद करायला घेतलं.

"सर, मॉनिटर बंद करतो," तो म्हणाला. "आता तोंडातली नळी काढतो. पट्टी चिकटलेली आहे, हळू काढतो."

धवल पायांशी उभा होता. "आता त्यांना काय ऐकू येणार?" तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

"नसेल येत," कल्याण म्हणाला.

त्यानं पट्टी ओल्या कापसानं भिजवली, नळी काढली, ओठ पुसले. मग धवल पुढं येऊन वडिलांच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "बाबा, हाताची सुई काढतायत." कल्याणनं सुई काढली आणि जागा बोटानं दाबून धरली. पंपांच्या वायरी गुंडाळून खांबाला अडकवल्या. खालून कॅज्युअल्टीचा फोन आला होता, खाट लागणार होती, पण त्यानं तो निरोप ड्यूटीवरच्या एका मुलीला घ्यायला सांगितला आणि चादर सरळ करायला लागला. दुसरं टोक धवलनं धरलं.